दामूदादाची बदली

हल्ली आमच्या दापोड्याच्या नाक्यावर चहा प्यायला उभं राहायची सोय उरलेली नाही. गोडाऊनमधली पोरं मोबाइल पुढ्यात धरून कालची मॅच उगाळत असतात, आणि त्यात जो उठतो तो फुलबॅकवर बोलतो. फुलबॅकनं वर गेलं पाहिजे, फुलबॅकनं आत आलं पाहिजे, आजकालचा खेळ म्हणजे फुलबॅकचाच खेळ! अरे, तुमच्या बापजन्मात कोणी चेंडूला पाय लावला होता का? आणि मला तो कडेनं वर पळायचा ओव्हरलॅप समजावून सांगता? मी कटिंग तसाच ठेवून निघून येतो. माझा स्वभाव तापट आहे हे सगळ्या नाक्याला ठाऊक आहे, त्यामुळं कोणी मनावर घेत नाही. पण खरं सांगायचं तर मी रागानं निघून येत नाही. मला दामूदादा आठवतो, आणि मग घशाखाली चहा उतरत नाही.

दामूदादा आमच्या गोडाऊनच्या टीमचा लेफ्ट बॅक. फुलबॅक म्हणजे मागच्या फळीतले कडेचे, दोन असतात, एक उजवीकडं, एक डावीकडं. आमचा डावा म्हणजे दामूदादा. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. इतक्या वर्षांच्या सोबतीत त्यानं माझ्याकडं एकदाच काहीतरी मागितलं. एका दिवसाची बदली मागितली. मी हो म्हटलं आणि दिली नाही. हे आधीच सांगून टाकतो. पुढं मी त्याचं कौतुक करणार आहे, आणि ते ऐकताना मी फार मोठा मित्र होतो असा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

भिवंडीबाहेरच्या माणसाला बदली म्हटलं की सरकारी नोकर आणि ट्रकमध्ये भरलेलं सामान आठवतं. आमच्याकडं बदली म्हणजे माणूस. लूमवरच्या कारागिराला गावी जायचंय, दवाखान्यात जायचंय, नाहीतर नुसतं पाणी प्यायला जायचंय, तरी तो आपल्या जागी कोणाला तरी उभं करून जातो. तो उभा राहिलेला माणूस म्हणजे बदली. चालता लूम मोकळा सोडायचा नाही. कांडी संपली, धागा तुटला आणि बघायला कोणी नसलं की कापड खराब. पुढं लूम भंगारात गेले, त्या जागी गोडाऊनं आली, कापडाच्या जागी कंटेनर आले, पण भिवंडीनं हा शब्द सोडला नाही. अजूनही आमच्याकडं सुट्टीचा अर्ज कोणी वाचत नाही. साहेब एवढंच विचारतो, "बदली कौन?"

दामूदादानं वीसेक वर्षं लूम चालवले, एका वेळी सहा. अकलोलीच्या वरच्या अंगाला त्याचा पाडा. तिथून रोज एसटीनं येणं-जाणं. सहा लूमच्या मधल्या बोळातून तो दिवसभर आडवा चालायचा, एक डोळा इकडं, एक तिकडं. त्या खडखडाटानं त्याचा डावा कान पार गेला. उजव्यानं ऐकू यायचं, तेही ओरडून बोललं तर. शुक्रवारी लूम बंद असायचे तेव्हा कारागीर मोकळ्या जागेत अनवाणी फुटबॉल खेळायचे, त्यात हा शिकला. कोणी शिकवलं नाही. मागं उभा राहायचा, कारण पुढं उभं राहायला सगळ्यांनाच आवडतं.

लूम बंद पडल्यावर तो आमच्या गोडाऊनमध्ये आला. आधी हमाल म्हणून, मग चेकर झाला, म्हणजे कंटेनरमधून उतरणारा माल मोजून, बघून घेणारा. आमचे शिफ्ट सुपरवायझर कुट्टीसाहेब केरळचे. भिवंडीत हयात गेली, तरी मराठी चार वाक्यांपुढं सरकली नाही, पण फुटबॉल रक्तात. दापोड्याच्या गोडाऊनवाल्यांची रविवारची टीम त्यांनीच उभी केली. पहिल्या दिवशी त्यांनी दामूदादाला विचारलं, "किधर खेलेगा?"

"मागं."

"राइट या लेफ्ट?"

दामूदादानं विचार केला आणि म्हणाला, "साहेब, माझा डावा कान मेलाय. डाव्या अंगाला ठेवा. मंग उजवा कान मैदानाकडं ऱ्हाईल."

आम्ही हसून हसून लोळलो. जगात आजवर कोणत्या खेळाडूची जागा कानावरून ठरली असेल तर ती ह्याची. गंमत अशी की माणूस उजव्या पायाचा. डाव्या पायानं त्याला धड चेंडू अडवताही यायचा नाही. त्यामुळं चेंडू मिळाला की डाव्या रेषेनं सरळ वर पळायचं सोडून तो उजवा पाय वापरायला आत, मैदानाच्या मध्यात यायचा. आमच्यातला जो तो ओरडायचा, "अरे दामूदादा, तुझी जागा तिकडं!" कुट्टीसाहेब मात्र रेषेबाहेर खुर्ची सोडून उभे राहिले. "मत बोलो उसको कुछ!" ते म्हणाले. "आजकल बडे बडे कोच यही सिखाते हैं। फुलबॅक अंदर आता है, मिडफील्ड में एक आदमी बढ जाता है।" परदेशातल्या कोचांनी डोकं खाजवून जे काढलं ते आमच्या दामूदादानं मेलेल्या कानामुळं काढलं होतं. त्याला हे समजावलं तेव्हा तो म्हणाला, "बरं." त्याहून जास्त तो कशावरच म्हणायचा नाही.

पण वर जायचं म्हटलं की गडी अडायचा. जुन्या वळणाचा मागचा तो. मागच्यानं मागं राहावं, मैदानाच्या मधल्या रेषेपलीकडं पाय टाकला तर पाप लागतं, अशी त्याची समजूत. कुट्टीसाहेबांनी जेवणाच्या सुट्टीत त्याला मोबाइल दाखवायला सुरुवात केली. मी शेजारी डबा खात बसलेलो असायचो, म्हणून हे मला चांगलं आठवतं. पडद्यावर एक लेफ्ट बॅक पार समोरच्यांच्या गोलपर्यंत पोचलेला. आम्ही सगळे चेंडूकडं बघत होतो. दामूदादानं मात्र आपलं जाडजूड बोट पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथं काहीच नव्हतं, नुसतं हिरवं गवत.

"ह्याच्या जागी कोन हाय?"

कुट्टीसाहेबांनी मॅच मागं नेऊन दाखवली. फुलबॅक पुढं निघाला तसा मधला एक खेळाडू गुपचूप मागं सरकला आणि त्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. दामूदादानं तेवढंच चार वेळा बघितलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"हां! म्हंजे बदली देऊन गेलाय तो. मंग ठीक हाय."

झालं! त्या दिवसापासून आमचा फुलबॅक आधुनिक झाला. आणि त्याची बदली म्हणून कुट्टीसाहेबांनी मला नेमलं, कारण मी त्याच्या पुढ्यात, डाव्या मिडफील्डला खेळायचो. वर निघताना तो खच्चून ओरडायचा, "बदली!" मी होतो तिथून मागं सरकून त्याच्या कोपऱ्यात उभं राहायचं. तो परत आला की मी मोकळा. खेळातलं एवढंच तत्त्वज्ञान त्याला मान्य होतं. नाक्यावरची पोरं आज जे घसा फोडून सांगतात त्यात हे एवढं वाक्य कुठंच नसतं. फुलबॅक वर गेला हे सगळ्यांना दिसतं. त्याच्या जागी कोण गेलं ते कोणी बघत नाही.

एकदा माझा पाय मुरगळला म्हणून माझ्या जागी इम्तियाज खेळला. इम्तियाज नुकताच उत्तर प्रदेशातून थेट गोडाऊनमध्ये आलेला, त्यानं लूम लांबूनसुद्धा बघितलेला नव्हता. मे महिन्याचं ऊन, मैदानाची भट्टी झालेली. दामूदादा चेंडू घेऊन निघाला आणि ओरडला, "बदली! बदली!" इम्तियाज जागचा हलला नाही. कपाळावर हात धरून आभाळाकडं बघत राहिला! त्या रिकाम्या कोपऱ्यातून समोरच्यांनी आरामात गोल केला. मॅच संपल्यावर आम्ही त्याच्या अंगावर धावून गेलो तर बिचारा म्हणतो, "चाचा बोले बदली, तो मैंने ऊपर देखा। कहाँ है बदली? एक टुकडा बादल नहीं आसमान में!" त्यांच्याकडं बदली म्हणजे ढग. कुट्टीसाहेबसुद्धा डोळे पुसेपर्यंत हसले. दामूदादा हसला नाही. तो इम्तियाजजवळ गेला, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्हांला म्हणाला, "चूक माझी हाय. त्याला ठाव हाय का न्हाय ते न इचारताच मी गेलो."

असा होता. आमच्यावर गोल झाला की आमची सगळ्यांची बोटं एकमेकांकडं वळायची, ह्याचं बोट नेहमी स्वतःकडं. मॅच जिंकून घरी गेला आणि मंजुळावहिनींनी विचारलं, "जिंकलात का?" तर ह्याचं उत्तर ठरलेलं, "हरलो न्हाय." वहिनी चिडायच्या. मला म्हणायच्या, "ह्यांचं लगीन ठरलं तवा बी असंच बोलले असतील, पोरगी वाईट न्हाय म्हणून." मी एकदा त्याला विचारलं, तुला कधी गोल करावासा वाटत नाही का रे? तो म्हणाला, "गोल करनाऱ्याला घरी जाऊन सांगाया काहीतरी असतं. वाचवनाऱ्यानं काय सांगायचं? काय झालंच न्हाय, हेच आपलं काम." आणि भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढं केला. नाचणीची, जाड, काळपट. माझ्या डब्यातल्या चपात्या त्याला आवडायच्या नाहीत, पण मी दिली की नाही म्हणायचा नाही.

सुरुवातीला वर जाताना तो दोनदा मागं वळून बघायचा. कान दगा देणारा, त्यामुळं मी "आलो" म्हणून ओरडलो तरी त्याला खात्री नसायची. स्वतःच्या डोळ्यांनी मला कोपऱ्यात बघायचा आणि मगच पळायचा. त्यात दोन पावलं वाया जायची आणि कुट्टीसाहेब कपाळ बडवून घ्यायचे. मग दोनदाचं एकदा झालं. आणि एका रविवारी माझ्या लक्षात आलं की त्यानं मागं बघायचं सोडून दिलंय. नुसतं ओरडायचा आणि निघायचा. मला त्या दिवशी कोणी पदक गळ्यात घातलं असतं तरी तेवढं बरं वाटलं नसतं.

मैदानाबाहेर मात्र सगळ्यांची बदली तोच. ईदला इम्तियाजच्या जागी दामूदादा, ओणमला कुट्टीसाहेबांच्या टेबलावर दामूदादा, गणपतीत आमच्या अख्ख्या आगरी मंडळींच्या जागी एकटा दामूदादा. माझे वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत त्यानं आपली शिफ्ट करून माझीही केली. पाड्यावर जाणारी एसटी चुकायची म्हणून तो ते दिवस गोडाऊनमध्येच पुठ्ठे अंथरून झोपला. मी कामावर परतलो तेव्हा त्याच्यासमोर मला रडू फुटलं. तोच म्हणाला, "रडू नको रं. तू बी करशील कवा तरी माझ्यासाठी."

ते कवा तरी आलं.

आधी त्याच्या डब्यातली भाकरी गेली. बाटलीत पेज आणायला लागला. विचारलं तर म्हणायचा, घास अडकतो, उतारवय. पन्नाशीचं कसलं उतारवय? मैदानावर वर जायचा तेव्हा परत येताना कमरेवर हात ठेवून थांबायचा. मंजुळावहिनींनी मागं लागून लागून भिवंडीतल्या डॉक्टरकडं नेलं. त्या डॉक्टरनं सांगितलं, मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन आतून दुर्बिणीनं तपासून घ्या, आणि उशीर करू नका. तारीख मिळाली बुधवारची.

शनिवारी तो माझ्याजवळ आला. आम्ही वजनकाट्यापाशी होतो. ह्या पायावरून त्या पायावर असा उभा राहिला, जसा काही परक्याच्या दारात आलाय. मला म्हणाला, "संज्या, बुधवारी माझी बदली करशील का?"

"अरे, विचारतोस काय!" मी म्हटलं. वर त्याला दोन शिव्याही दिल्या, इतकं परकं समजतोस का म्हणून. कुट्टीसाहेबांनी वहीत माझं नाव लिहून घेतलं.

मंगळवारी संध्याकाळी माझे चुलतभाऊ घरी आले. चुलत्याच्या धाकट्याचं लग्न. मांडवडहाळे शुक्रवारी ठरलेले, ते ब्राह्मणानं बुधवारवर आणले. उंबराच्या डहाळ्या वाजतगाजत आणायच्या, मांडवाला बांधायच्या, संध्याकाळी हळद. "तू नसलास तर चुलता जन्मभर बोलून दाखवील," भाऊ म्हणाले. मला त्यांना सांगता आलं असतं की दामूदादाला दवाखान्यात जायचंय. चुलता समजून घेणारा माणूस होता. मी नुसता एकदा म्हणालो, "ड्युटी आहे रे." ते हसले. "ड्युटी काय, रोजचीच!" आणि खरं सांगू? मलाही जायचं होतं. बँडपुढं नाचायचं होतं. मी स्वतःला समजावलं की एक दिवसाचा तर प्रश्न आहे, कुट्टीसाहेब कोणाला तरी उभं करतील. बुधवारी सकाळी त्यांना मेसेज टाकला, ताप आलाय. आणि फोन बंद केला. दामूदादाला फोन करायचं धैर्य झालं नाही.

त्या दिवशी मी भरपूर नाचलो. हेही लिहिलं पाहिजे, म्हणून लिहितो.

इकडं काय झालं ते मला नंतर कुट्टीसाहेबांनी सांगितलं. दोन कंटेनर दारात उभे, माल बघून घेणारं दुसरं कोणी नाही. त्यांनी दामूदादाला फोन केला तेव्हा तो फाइल घेऊन, वहिनींना घेऊन, भिवंडीच्या स्टँडवर मुंबईच्या गाडीची वाट बघत होता. कुट्टीसाहेबांना फक्त विचारायचं होतं की संज्या कुठं आहे. "मैंने बोला उसको," कुट्टीसाहेब मला म्हणाले, "दामू, तू जा, मैं कुछ करता हूँ। वो मेरे को बोला, साहेब, जागा खाली सोडून कसा जाऊ?" त्यानं वहिनींना परतीच्या एसटीत बसवलं आणि तो कामावर आला.

साहेबांच्या 'तू जा' ह्या वाक्याच्या आड मी पुष्कळ दिवस लपलो. बघा, साहेबांनी तर जायला सांगितलं होतं! त्याचा त्यानंच हट्ट केला! पण मी त्याला ओळखत होतो. दापोड्यात दुसरं कोणी नसेल ओळखत, मी ओळखत होतो. तो जागा मोकळी टाकून जाणार नाही हे मला बँडपुढं नाचतानाही ठाऊक होतं.

गुरुवारी मी तोंड उतरवून कामावर गेलो. आवाजही जरा बसका काढला. दामूदादा कंटेनरच्या दारात हातात यादी घेऊन उभा होता. मला बघून खाली उतरला, माझ्याजवळ आला, अगदी जवळ, उजवा कान माझ्याकडं करून.

"ताप उतरला का?"

"हो," मी म्हटलं. "आता बरं आहे जरा."

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "पानी पी भरपूर." आणि परत यादी घेऊन वर चढला.

दवाखान्याची दुसरी तारीख दोन महिन्यांनी मिळाली. ते दोन महिने तो कामावरही आला आणि रविवारी खेळलाही. एक गोष्ट मात्र मला खटकली. तो पुन्हा मागं वळून बघायला लागला. वर निघायचा, ओरडायचा, आणि थांबून मला शोधायचा. एकदा नव्हे, दोनदा. मी कोपऱ्यात उभा राहून हातवारे करायचो, "अरे आहे मी, जा!" तरी दुसऱ्यांदा बघायचाच. मग वर जाणंच कमी झालं. कुट्टीसाहेब म्हणाले, थकला दामू. मीही म्हटलं, थकला.

तपासणीत जे निघायचं ते निघालं. अन्ननलिकेचा कॅन्सर, आणि पसरलेला. मंजुळावहिनींनी डॉक्टरांना विचारलं, दोन महिने आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. वहिनींनी ते मला जसंच्या तसं सांगितलं, माझ्याकडं बघत, काही मनात न ठेवता. त्यांना वाटत होतं मला खरंच ताप होता. सांगता येत नाही! वाचलाच असता असं म्हणाले असते तर मी स्वतःला काय ती शिक्षा केली असती. काही फरक पडला नसता असं म्हणाले असते तर सुटलो असतो. हे असं मध्येच लटकवून ठेवलं. आजही पहाटे जाग आली की मी तेच उलटसुलट करत पडतो.

भाताची कापणी झाली होती तेव्हा मी त्याला भेटायला गेलो. त्याआधी दोनदा गणेशपुरीपर्यंत जाऊन, तिथं उगाच भजी खाऊन परत आलो होतो. लाज वाटत होती. तिसऱ्यांदा मात्र पाड्यापर्यंत चढलो. ओटीवर बाजेवर तो पडला होता. अंगावर गोधडी. मूळचाच काटक, त्यात आता काही उरलं नव्हतं. मला बघून उठायला गेला, मी धरून बसवलं. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं आलास, रोज नाव काढत्यात," आणि चहा टाकायला आत गेल्या.

आवाज अगदी खाली गेला होता. मला वाकून ऐकावं लागत होतं. मनात म्हटलं, ह्याच्याशी ओरडून बोलायची सवय, आणि आता हे असं.

"डाव्या अंगाला कोन खेलतो?" त्यानं विचारलं.

"इम्तियाज."

"वर जातो का?"

"जातो. चांगला जातो."

"मंग मागं कोन बसतं?"

मी मान खाली घातली. "मीच."

तो बाजेच्या सुंभावरून नुसतं बोट फिरवत राहिला. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, असं मला वाटलं.  आतून वहिनींच्या कपबश्यांचा आवाज येत होता, त्या बाहेर यायच्या आत बोलायचं होतं.

"दादा," मी म्हटलं, "त्या बुधवारी मला ताप नव्हता. मी मांडवडहाळ्यांना गेलो होतो. नाचलो. फोन बंद करून ठेवला होता."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं ऐकू आलं नाही. मी उठून त्याच्या उजव्या बाजूला गेलो आणि पुन्हा बोलणार तेवढ्यात तो म्हणाला,

"ठाव हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोनी न्हाय. दुसऱ्या दिशी तू आलास तवा तुझ्या कानामागं हलद होती."

  दोन महिने! दोन महिने हा माणूस माझ्या शेजारी बसून बाटलीतली पेज प्यायला, रविवारी माझ्या भरवशावर वर गेला, आणि त्याला ठाऊक होतं.

"मग बोलला का नाहीस?" माझा आवाज चढला. मला स्वतःचा राग आला होता, पण ओरडलो त्याच्यावर. "चार शिव्या घालायच्यास! कानफटात द्यायचीस! का नाही बोललास?"

त्यानं डोळे उघडले. रागावलेला दिसत नव्हता. दमलेला दिसत होता, आणि थोडा आश्चर्यात पडलेला, एवढी साधी गोष्ट मला कशी समजली नाही म्हणून.

"इचारलं व्हतं की तुला," तो म्हणाला. "ताप उतरला का म्हणून."

वहिनी चहा घेऊन आल्या. मी तो कसा प्यायलो माहीत नाही. त्या भाताबद्दल काहीतरी सांगत होत्या, यंदा उंदरांनी फार नासधूस केली म्हणून, आणि मी हो हो करत होतो. दामूदादाला त्यांनी चमच्यानं पाणी दिलं, ते त्यानं बराच वेळ तोंडात धरून ठेवलं. खाली एसटीची वेळ झाली होती. मी त्याच्या पायांना हात लावला. पूर्वी असं काही केलं की तो लाजून पाय ओढून घ्यायचा. ह्या वेळी त्यानं ओढले नाहीत. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतो. रविवारच्या आधीच, गुरुवारी, तो गेला.

त्या भेटीच्या दिवशी उतारावरून खाली येताना मी वळून पाहिलं होतं. वहिनींनी त्याला उन्हाकडं तोंड करून बसवलं होतं. मी थांबलो आणि हात हलवला. त्यानंही हात थोडासा वर केला. तो मला केला, का तोंडावर बसलेली माशी हाकलायला केला, ते तेवढ्या अंतरावरून मला दिसलं नाही. आणि परत वर चढून विचारायचं धैर्य मला झालं नाही.